आप्पांची चौपाटी

माझे थोरले दीर दात बसवून घ्यायला मुंबईला गेले आणि परत आले ते चौपाटीचं वेड घेऊन. घरात लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणत. बीडला आडतीचं दुकान, पालीच्या अलीकडं बिंदुसरेच्या काठी आमचं गाव, गावाला लागून आमची जमीन. निजामाच्या अंमलदारांशी ऊठबस असलेला घरात हा एकच माणूस, त्यामुळं आप्पा म्हणतील ते व्हायचं. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. पाटोद्याच्या एका वाण्याची मुलगी, वडिलांच्या दुकानात पोत्यावर बसून बाराखडी शिकलेली. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी तो पाळला. मनात काय म्हणायचं याला रिवाज नव्हता, आणि मनात मी आप्पांना पुष्कळ काही म्हणत असे.

तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे आष्टी-कड्यावरून नगरपर्यंत बैलांची दमणी, पुढं आगगाडी. परत आल्यावर आप्पांनी नव्या दातांनी भाकरी चावत सगळ्या घराला समुद्र सांगितला. आम्ही दोघी जावा वाढत होतो.

"संध्याकाळ झाली की लोक वाळूत येऊन बसत्यात," आप्पा म्हणाले.

"बसून काय करत्यात?" आमच्या यांनी विचारलं.

"काय बी करत न्हाईत. हवा खात्यात. गोरे साहेब, त्यांच्या मडमा, मोठमोठे शेट. एका अंगाला बाग हाय, बाकं हायत, बँड वाजतो."

"मंग आपल्याकडं बी पाहिजे," हे म्हणाले.

यांना तसं वाटत होतं असं नाही. आप्पांच्या प्रत्येक वाक्यानंतर काहीतरी होकाराचं बोलायची यांना सवय होती. आप्पा म्हणाले असते की मुंबईत लोक झाडावर झोपतात, तर यांनी दुसऱ्या दिवशी खाट झाडाला टांगली असती. पण या वेळी आप्पांनी घास हातात तसाच धरला आणि भावाकडं बघितलं, आणि मला कळलं की आता काहीतरी होणार.

आमच्या गावाखाली बिंदुसरा एक मोठं वळण घेते. वळणाच्या आत पांढरी, बारीक वाळू, आणि वर काठाला करंज, बाभळी, निरगुडीचं रान. पावसाळा सरला की त्या वाळूत भोयांची घरं टरबुजाच्या वाड्या लावायची. पाणी ओसरलं की खड्डे करायचे, शेणखत घालायचं, वेल धरायचे. चैत्रात बीडच्या बाजारात जी टरबुजं यायची त्यातली बरीचशी आमच्या वळणावरची असायची. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. वाळू कुणाची, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आप्पांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. एका सकाळी आमचे गडी जाऊन वेल उपटून आले. फळं अजून मुठीएवढी होती.

भोयांची एक म्हातारी मागच्या दाराला आली. तिला आप्पांसमोर जायचं नव्हतं, घरातल्या बाईशी बोलायचं होतं. अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कोनाड्यापाशी पूजेला बसल्या होत्या, म्हणून मी बाहेर गेले.

"कावून उपटलं ओ बाई?" तिनं विचारलं. "आमी काय केलतं?"

"तिथं बाग करायची म्हणत्यात."

"बाग?" ती म्हणाली. "मंग आमी काय लावलतं?"

तिनं पदरात बांधून आणलेली चार कच्ची फळं पायरीवर ठेवली. भेट म्हणून नव्हे, एवढंच माझ्या लक्षात आलं. ती गेल्यावर आप्पांचा गडी आला आणि ती फळं गुरांना टाकून गेला.

मग काम सुरू झालं. काठावरचं रान तोडलं, कारण समुद्रावर असं रान नसतं. काठ उतरता करून त्यावर मुरूम टाकला. मुंबईकडून नारळाची रोपं मागवली. ती गाडीतून येईपर्यंतच अर्धी वाळली होती, पण ती ओळीनं लावली आणि पाणी घालायला एक माळी ठेवला. गरीब माणूस होता, बायको घेऊन तिथंच खोपटात राहायचा. सागवानी बाकं बीडच्या सुतारांकडून करून घेतली, त्यांना लोखंडी पाय लावले. कंदिलांसाठी खांब रोवले. मधोमध बँडसाठी दगडी चौथरा आणि त्यावर पत्र्याची छत्री. बँड कुठून आणणार? लग्नात वाजवणारे आमच्याकडचे ताशेवाले होते, त्यांना लाल कोट शिवले आणि बसून वाजवू नका, उभं राहून वाजवा, अशी ताकीद दिली. आयुष्यभर मांडी घालून वाजवलेली माणसं ती. उभं राहिल्यावर ताशा कुठं धरावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो गळ्यात बांधला आणि मुंडी वाकडी करून वाजवू लागले.

यातलं काहीच मला फारसं लागलं नसतं. श्रीमंत माणसाला खेळ लागतो, आणि खेळ मोडला की तो दुसरा मांडतो. मला चीड यायची ती बघायला येणाऱ्यांची. बीडहून टांगे करून लोक यायचे. वकील यायचे, शाळेचे मास्तर यायचे, पेठेतले व्यापारी यायचे. धोतर सावरून वाळूत बसायचे आणि समोर बघायचे. समोर काय, तर घोट्याएवढं पाणी आणि पलीकडच्या काठावर म्हशी. ते बघून म्हणायचे, "वा आप्पा, हुबेहूब मुंबई." त्यातल्या बहुतेकांनी मुंबई बघितली नव्हती. एका मास्तरांनी तर डोळे मिटून सांगितलं की त्यांना लाटांचा आवाज येतोय. आप्पांनी त्यांना पेढे दिले. ती माणसं घरी जाऊन काय बोलत असतील याची मला कल्पना होती, कारण आमच्या दुकानातला मुनीम आमच्या यांच्या कानावर घालायचा. ते सगळं हे घरी येऊन मला सांगायचे, आप्पांना मात्र सांगायचे नाहीत.

आप्पांची एक इच्छा होती. औरंगाबादचा कुणी बडा अंमलदार तिथं येऊन बसावा. तसा एक साहेब दौऱ्यावर बीडला येणार होता. आप्पांनी खटपट केली, चिठ्ठ्या पाठवल्या, तुपाचे डबे पाठवले, आणि साहेबांनी एका दुपारी यायचं कबूल केलं. भाद्रपद सरत आला होता. पाऊस चांगला झालेला, नदी भरून वाहत होती. पाणी वाळूच्या कडेपर्यंत आलं होतं. आप्पांना त्याचा आनंद झाला. आता कुठं समुद्रासारखं दिसतंय, म्हणाले.

त्या दुपारी सगळं गाव काठावर होतं. साहेबांसाठी गालिचा, खुर्ची, मागं बाकांवर बीडची प्रतिष्ठित मंडळी. घरच्या बायकांसाठी बाजूला कनात लावली होती. कनातीला एका जागी शिवण उसवली होती, तिथून मला सगळं दिसत होतं. साहेब उतारवयाचे, सभ्य गृहस्थ होते. बोलत कमी होते. ताशेवाल्यांकडं बघून त्यांनी एकदा रुमाल ओठांवर धरला. हसू आलं असावं. आप्पांना वाटलं, साहेब खूश झाले. त्यांनी आणखी जोरात वाजवायला सांगितलं.

मांजरसुंब्याच्या डोंगराकडं आभाळ काळं झालं होतं. आमची नदी तिकडूनच येते. वारा पडला. म्हशी पाण्यातून उठून आपोआप गावाकडं निघाल्या.

"शेटजी, मौसम ठीक नहीं दिखता," साहेब म्हणाले.

"बसा हुजूर," आप्पा म्हणाले. "समुद्रावर बी असंच व्हतं. वारं सुटलं की लई मजा येती."

साहेबांनी आभाळाकडं बघितलं, मग आप्पांकडं. उठले, टोपी घातली आणि टांग्याकडं चालू लागले. आप्पा मागं मागं, हात जोडून, सरबत तरी घ्या म्हणत. तेवढ्यात वारा आला.

वारा म्हणजे नुसती झुळूक नव्हे. आधी धूळ आणि पाचोळा, मग आमची कनात. खुंटांसकट उपटली आणि आमच्या डोक्यावरून उडून गेली. परक्या पुरुषांसमोर आम्ही सगळ्या बायका उघड्यावर उभ्या. कुणी कुणाकडं बघितलं नाही, कारण तेवढ्यात चौथऱ्यावरची छत्री सुटली. तिचा एक पत्रा भिरभिरत गेला आणि माळ्याच्या मांडीत रुतला. तो बिचारा नारळाच्या रोपांना काठ्या बांधत होता. पाऊस असा आला की समोरचं माणूस दिसेना. आणि त्या पावसात वरच्या अंगानं आवाज यायला लागला, दगड घरंगळत आल्यासारखा. नदी येत होती.

बाकांवरची मंडळी पळाली. त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती. पण मी आप्पांना बघितलं. साहेबांना मागं टाकून, बायकांना ओलांडून, अक्कांच्या खांद्याला धक्का देऊन तो माणूस चढ चढत होता. अक्का पडल्या. त्यांच्या अंगावरून आणखी कुणी जाईल म्हणून मी त्यांच्यावर वाकले आणि त्यांना ओढत वर आणलं. माळ्याला ताशेवाल्यांनी उचललं. लाल कोट अंगावर, ताशे गळ्यातच, एकानं पाय धरलेले, एकानं काखा. वर आल्यावर मी मागं वळून बघितलं तर गढूळ पाणी गालिच्यावरून गेलं होतं आणि खुर्ची उलटी होऊन वाहत चालली होती.

घरी आल्यावर अक्कांनी ओलं लुगडं बदललं आणि चुलीपाशी बसल्या. खांद्याला हात लावत होत्या. मी हळद गरम केली.

"कुणाचा धक्का लागला, दिसलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"दिसलं," मी म्हणाले.

"मला बी दिसलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. गाव बघायला गेलं, आम्हीही गेलो. चौपाटी उरली नव्हती. पण नुसती चौपाटी गेली असती तर ठीक होतं. रान तोडून उतरता केलेला काठ आतपर्यंत खचला होता, आणि त्याबरोबर काठावरच्या आमच्याच जमिनीचा एक तुकडा गेला होता. कंदिलांचे लोखंडी खांब मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखे वाकले होते. वाळू जिथं होती तिथं काळा चिखल आणि मेलेली शेळी. नारळाचं एकही रोप दिसत नव्हतं. माळ्याची बायको खोपटाच्या जागी काहीतरी हुडकत होती. बहुतेक तवा.

आप्पा एका दगडावर बसले होते. माळ्याचं काय, असं त्यांनी विचारलं नाही. अक्कांच्या खांद्याचं तर नाहीच. ते म्हणाले, "बाकं."

सागवानी बाकं वाहून गेली होती आणि ती खालच्या गावांत लोकांनी उचलली असणार, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी आमच्या यांना बैलगाडी आणि दोन गडी देऊन नदीच्या कडेकडेनं हुडकायला पाठवलं. घराघरात बघा, म्हणाले, लोक चोर असतात. हे गेले. कावून जाऊ, असं काही त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा गाडीत एक बाक होतं. पाय चिखलानं भरलेले, पण मोडलेलं नव्हतं. आप्पांनी त्यावरून हात फिरवला.

जेवताना हे मला म्हणाले, "खालच्या एका वस्तीवर सापडलं. एका म्हातारीचं घर पडलंय. भिंतीच न्हाईत. आत गुडघाभर चिखल. तिला ताप हाय. लेकानं तिला त्या बाकावर निजवलंतं."

"मंग?"

"मंग काय? तिला उतरवलं."

"कुठं उतरवलं?"

यांनी आमटीसाठी वाटी पुढं सरकवली.

"चिखलात?" मी विचारलं.

"आप्पा म्हणलेते, मिळालं तर सोडून येऊ नको," हे म्हणाले. आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

लग्नानंतर मी या माणसाला भित्रा समजत होते, आळशी समजत होते, आणि त्याचं मला फार वाईट वाटत नव्हतं. सगळ्याच बायकांचे नवरे थोडेफार तसे असतात. पण त्या क्षणी, ताटात आमटी वाढताना, मला त्याची किळस आली. आमटी मी वाढली. हात थांबला नाही. पण किळस आली.

सकाळी मी अक्कांना सगळं सांगितलं. अक्का मोठ्यानं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. आप्पांच्या पुढ्यात त्यांनी हो-नाहीच्या पलीकडं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी देवाला विभूती वाहिली, स्वतःच्या कपाळाला लावली, आणि गड्याला हाक मारून गाडी जुंपायला सांगितली. दोन घोंगड्या आणि पिठाचं एक गाठोडं त्यांनी गाडीत ठेवलं. मग गड्यांना म्हणाल्या, "ते बाक चढवा."

आप्पा ओसरीवर आले.

"कुठं निघालात?"

"बाक ठिवून येतो," अक्का म्हणाल्या.

"कुठं?"

"जिथनं आणलं तिथं."

"ते आपलं हाय."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "म्हणूनच आमाला देता येतंय."

आप्पांनी गड्यांकडं बघितलं, मग आमच्या यांच्याकडं. हे खांबाला टेकून उभे होते आणि नखं बघत होते. सगळ्या गड्यांसमोर बायकोला अडवायचं तर हात धरावा लागला असता, आणि तेवढी हिंमत आप्पांकडं कधीच नव्हती. ते आत गेले आणि दार आपटलं. अक्का गाडीत बसल्या. त्यांच्या शेजारी मी बसले. पदर नीट घेतला होता, पण दिरासमोरून अशी गाडीत चढून जाणं मी पहिल्यांदाच करत होते आणि मला बरं वाटत होतं.

वस्तीवर पोचलो. म्हातारी एका पोत्यावर, बाभळीखाली पडली होती. लेक बसून भिंत रचत होता. गाडी दिसल्यावर तो उठला आणि मागं सरला. आम्ही आणखी काही न्यायला आलो आहोत असं त्याला वाटलं.

"घाबरू नको," अक्का म्हणाल्या. "हे तुज्या आईसाठी. पुन्हा कुणी न्ह्यायला येणार न्हाई."

गड्यांनी बाक खाली ठेवलं. अक्का म्हातारीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मावशे, उठ, वर नीज."

म्हातारीनं डोळे उघडले. बाकाकडं बघितलं, आमच्या लुगड्यांकडं बघितलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "त्याच्यावर निजलं की तुमची माणसं येत्यात."

अक्कांनी पुष्कळ सांगितलं. मी सांगितलं. तिचा एकच हेका, हितंच बरी हाय. घोंगड्या घेतल्या, पीठ लेकानं बाजूला नेऊन ठेवलं. पण बाकावर ती काही आली नाही. आम्ही ते तिथंच सोडून परत निघालो. वाटेत अक्का रडल्या. मला रडू आलं नाही. ती म्हातारी आमच्याकडं जशी बघत होती तसंच मी आमच्या घराकडं बघत आले होते, आणि तिच्या लेखी मी त्याच घरातली होते.

माळ्याची मांडी भरायला हिवाळा गेला. चाल कायमची वाकडी झाली. मी वडिलांना निरोप पाठवला, तेव्हा त्यांनी त्याला पाटोद्याला दुकानात बसून करायचं काम दिलं. आप्पांनी त्याच्याबद्दल परत कधी विचारलं नाही. साहेबांचा निरोप येईल म्हणून मात्र ते कितीतरी दिवस वाट बघत होते. तो आला नाही. बीडची मंडळी आता म्हणू लागली की नदीत बाग करणं हा मूर्खपणाच होता, आम्ही तेव्हाच म्हणालो होतो. लाटांचा आवाज ऐकणारे मास्तर यात सगळ्यांत पुढं होते.

आपण हरलो असं आप्पा मात्र कधी म्हणाले नाहीत. पाहुण्यांना ते त्या दिवसाची गोष्ट सांगायचे. त्यात वादळ दर वर्षी मोठं होत गेलं, पाणी झाडांच्या शेंड्यापर्यंत आलं, आणि साहेबांना वाट दाखवायला आप्पा स्वतः पुढं झाले. त्या वेळी अक्का आतल्या खोलीत असल्या तर डाव्या खांद्यावर हात ठेवायच्या. थंडीत तो दुखायचा. गोष्ट संपेपर्यंत त्या तशाच बसायच्या आणि मग पाहुण्यांसाठी पानं वाढायला उठायच्या.

आमच्या यांनी एकदा, पुष्कळ दिवसांनी, मला विचारलं. आम्ही दोघं शेतावर होतो, हरभरा निघाला होता.

"तू माझ्याशी पयल्यासारखं बोलत न्हाईस."

"बोलती की."

"न्हाई. त्या बाकापासनं न्हाई." हे म्हणाले. "मी काय करायला पायजे व्हतं?"

"न्हाई म्हणायला."

"कुणाला? आप्पाला?"

"व्हय."

यांनी हरभऱ्याची पेंढी खाली ठेवली आणि विचार केला. खरंच केला, चेहऱ्यावर दिसत होतं. असं काही करता येतं हे त्यांना नव्यानंच कळत होतं. मग त्यांनी मान हलवली.

"मला न्हाई जमलं असतं," म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या नावावर धरलं. आमचा संसार झाला, मुलं झाली, त्यांचं आजारपण मी काढलं. शेवटपर्यंत त्यांच्या ताटात मी वेळेवर वाढलं. त्यांच्याबद्दल मला जे पूर्वी वाटायचं ते परत आलं नाही, आणि ते परत यावं म्हणून मी कधी खटपटही केली नाही.